हवेला भाडं

काल मी हॉस्टेल सोडून रूमवर शिफ्ट झाले. मैत्रीण पिशव्या खाली न्यायला आली होती. ती कुकर उचलता उचलता थांबली आणि म्हणाली, कुकरमधे मोजे कशाला भरलेस तू? बघितलं तर खरंच. कुकरमधे मोजे, मोज्यांमधे काचेचे ग्लास, बादलीत पुस्तकं, डाळीच्या डब्यात चार्जर. मला कळलंच नव्हतं मी हे सगळं करून राहिले ते. मग तिला मी आत्याची गोष्ट सांगायला बसले, पिशव्या तशाच जिन्यात, आणि घरमालक खालून ओरडून राहिले. तिला अर्धीच सांगून झाली. म्हणून आता पूर्ण लिहिते.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. तिचं एक वाक्य होतं: "रिकामं भांडं न्यायचं म्हंजे हवेला भाडं देणं." म्हणजे टेम्पोत जे जे पोकळ आहे त्याच्यात काहीतरी भरलेलं पाहिजे. फक्त टेम्पोत नाही, सगळीकडंच. भाजी आणायला गेली तर जाताना पिशवीत शेजारणीच्या चपला शिवायला. दवाखान्यात डबा पोचवायला गेली तर येताना त्याच डब्यात कुणाच्यातरी अंगणातला कढीपत्ता. तिला रिकाम्या हातानं चालता यायचं नाही, हात लटकायला लागले की तिला चोरी केल्यासारखं वाटायचं म्हणे.

ती लग्न करून निलंग्याला गेली होती. मामा, म्हणजे तिचा नवरा, लवकर गेले, लेकरूबाळ नाही, मग ती लातूरला आमच्याकडं आली ती आलीच. माझ्या जन्माच्या आधीपासून ती आमच्या घरात. दोन खोल्या, पप्पांचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान, मम्मी सरकारी दवाखान्यात नर्स. आत्या मम्मीला नावानं हाक मारायची नाही. "सिस्टर" म्हणायची. पेशंट म्हणतात तसं. पहिल्यांदा कधीतरी मजेत म्हणाली असेल, मग तेच राहिलं. आणि मम्मी तिला अक्का म्हणायची. दोघी एकमेकींना बहीणच म्हणत होत्या, तसं बघितलं तर. पण पटायचं नाही.

कामून पटायचं नाही ते सांगते. पाणी.

तुम्ही लातूरचे असाल तर पुढचा पॅरा सोडून द्या, तुमच्या घरात पण असंच असेल. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी लहान होते. मला आठवतात ते निळे ड्रम आणि टँकर आल्यावर पळणाऱ्या बायका. तो उन्हाळा सगळ्यांचा संपला, आत्याचा नाही संपला. नळाला पाणी यायला लागलं तरी तिचं चालूच. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासाला. मधेच कुणी एखादं पाणी मोरीत ओतलं की तिला न बघता कळायचं. आवाजावरून. ती गच्चीवर पापड घालत असली तरी वरून विचारायची, "कोणतं पाणी ओतलं गं?"

आणि आंघोळ. आत्या बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहायची. खरंच उभी राहायची. आतमधे मग्ग्याचा आवाज ऐकायची आणि तिच्या हिशोबानं झालं की म्हणायची, "साकू." हा तिचा निलंग्याचा शब्द. तिच्या सासरी अर्धं कानडी बोलायचे, त्यातला हा एवढाच तिनं सोबत आणला होता. साकू म्हणजे पुरे. मला गंमत वाटायची. पप्पा तर दोन मग्ग्यांत बाहेर. पण मम्मी बारा तासांची ड्युटी करून यायची, अंगाला दवाखान्याचा वास, आणि दार लावून पाणी घ्यायला लागली की बाहेरून, "साकू, सिस्टर."

मम्मी कधी उलटून बोलली नाही. बाहेर यायची, केस अर्धे कोरडे, आणि गॅसपाशी जाऊन भांडी जरा जोरात ठेवायची. बस.

तर मम्मीची नांदेडला बदली झाली. त्या दिवशी मम्मी किती खूश होती मी सांगू शकत नाही. नांदेडला एक फ्लॅट भाड्यानं बघितला, वन आरके, नवीन बिल्डिंग. मम्मी स्वतः बघून आली आणि मोबाइलवर व्हिडिओ करून आणला. व्हिडिओत खोली अर्धा मिनिट आणि बाथरूम दोन मिनिटं. शॉवर होता. मम्मी शॉवर सुरू करून त्याच्याकडं कॅमेरा धरून उभी राहिलेली. व्हिडिओत नुसता पाण्याचा आवाज.

आत्यानं तो व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, "बंद कर की गं ते."

"अक्का, व्हिडिओ आहे."

"तेच म्हणून राहिले, व्हिडिओत तरी कशाला सोडायचं."

आता खरी गोष्ट. फ्लॅट एका खोलीचा. मम्मी, पप्पा, मी. आणि आत्या? मम्मी एका दुपारी स्वयंपाकघरात पप्पांना हळू आवाजात म्हणाली, मी दारात होते, "मी तुम्हाला काहीच मागितलं न्हाई आजवर. एवढंच मागते. अक्कांना निलंग्याला ठेवा. त्यांचा पुतण्या बोलावून राहिलाय. मला एकदा तरी माझ्या घरात आंघोळ करू द्या."

पप्पा म्हणाले, "सांगतो तिला."

"कधी?"

"सांगतो की."

आणि पप्पा महिनाभर सांगत राहिले. म्हणजे सांगितलंच नाही. रोज संध्याकाळी दुकानातून आले की आत्याकडं बघून घसा साफ करायचे. मम्मी पोळी लाटता लाटता थांबायची. मी पुस्तकात डोकं. आणि पप्पा म्हणायचे, "अक्का, चहा ठेव बरं."

मला माहिती होतं निलंगा म्हणजे काय ते. तिचा पुतण्या चांगला आहे, घर मोठं आहे, पण ते उसात. शेतात पाईप दिवसभर चालू असतो. आत्या दरवर्षी दोन दिवसांसाठी म्हणून जायची आणि दुसऱ्याच दिवशी परत. "पाट भरून वाहून राहिलं हो, बांध फुटला तरी कुणी उठंना. माझ्या डोळ्यांला न्हाई बघवत." तिथं तिला कायमचं ठेवायचं. माझं जेवण जायचं नाही त्या महिन्यात.

आणि ती बिचारी सगळ्या घराची पॅकिंग एकटी करून राहिलेली. काही विकत आणायचं नाही हा पहिला नियम. पप्पा खोके आणतो म्हणाले तर, "खोक्याला पैसे? खोका तर सामानाबरोबर फुकट येतो." किराणा दुकानातून बारदानं मागून आणली, धुतली, वाळवली. जुन्या साड्या पिळून दोरखंड केले. ज्यांच्यापुढं आम्ही वंदना म्हणायचो त्या फोटोंना तिची पौर्णिमेची पांढरी साडी गुंडाळली, तेवढ्यासाठीच चांगलं कापड काढलं तिनं. काचेची बरणी ज्वारीत, ज्वारी हंड्यात, हंडा वॉशिंग मशीनमधे. मशीन हलवून बघायची, आतून आवाज आला की "अजून हवा हाय" म्हणून पप्पांच्या बनियनी कोंबायची.

कमरेला सुतळीची गुंडी कायम. आणि दुसरा नियम: गाठ सोडायची, तोडायची न्हाई. आमच्या घरात मिठाईच्या पुड्याची सुतळी पण कुणी ब्लेडनं कापली नाही कधी. आत्या नखांनी सोडायची, दातांनी सोडायची, मग सरळ करून गुंडीवर. तेलाचे प्लॅस्टिकचे कॅन पण तसेच, एक टाकलेला नाही. पलंगाखाली रांग.

मम्मी मात्र रोज एकच बोलायची. "जागा न्हाई हो तिथं." कपाट बघितलं तरी जागा न्हाई, पलंग बघितला तरी जागा न्हाई. मला वाटतं ती स्वतःलाच सांगत होती.

आत्यानं ते ऐकलं आणि स्वतःचं सामान कमी करायला सुरुवात केली. आधी तिची लोखंडी ट्रंक होती, लग्नातली. एक दिवस ट्रंक शेजारच्या काकूंच्या घरी गेली. "माझं पिशवीत बसतंय," म्हणाली. चार दिवसांनी पिशवीपण नाही. कुरडयांचा एक कडीचा स्टीलचा डबा होता, उंच, त्यात दोन साड्या, कंगवा, पासबुक, चष्मा, मामांचा एक फोटो. झाकण लावून वरून सुतळी, दोन गाठी. मला दाखवायला आणला. "बघ. माझं समदं घर मांडीवर मावतंय. मला वेगळी जागा लागत न्हाई."

हे मला नाही, मम्मीला ऐकवायला होतं. मम्मी समोरच होती. ती उठून गच्चीवर कपडे काढायला गेली. कपडे ओले होते अजून.

पप्पांनी त्या दिवशीपण सांगितलं नाही.

मग टेम्पोचा दिवस आला. सकाळी ड्रायव्हर आला, जाडजूड, तोंडात सुपारी. कपाट, पलंग, मशीन चढवलं. मग तो ड्रम उचलायला गेला आणि ड्रम हललाच नाही.

"ओ मावशे, ह्याच्यात काय भरलंय?"

"पाणी."

ड्रायव्हरनं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "पाणी?"

"मग काय ड्रम रिकामा न्यायचा? हवेला भाडं द्यायचं?"

"मावशे, आपण नांदेडला चाललो. तिथं गोदावरी हाय."

"गोदावरी काय तुझ्या नळाला बांधली हाय का?"

गल्ली हसली. दोन ड्रम होते, दोन्ही काठोकाठ, झाकणाला पॉलिथिन लावून सुतळीनं आवळलेले. आदल्या दिवशी नळ आला तेव्हा भरून ठेवले होते तिनं, आम्हाला वाटलं सकाळच्या वापराला. ड्रायव्हर म्हणाला एवढ्या वजनानं गाडीचे पाटे बसतील, मी नेत नाही. आत्या म्हणाली, जागा तेवढीच लागती, भरलेला काय आन रिकामा काय. आणि मम्मी घरातून बाहेर आली.

मम्मीचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. ओरडली नाही. एकदम बारीक आवाज. "अक्का. ओता ते पाणी. मी हात जोडते. तिथं तरी नका आणू हे."

गल्ली हसायची थांबली.

आत्यानं मम्मीकडं बघितलं. मग सुतळीच्या गाठी सोडायला बसली, खाली उकिडवी. ओतलं नाही तिनं. बायकांना हाक मारली, घागरी आणा म्हणाली, आणि मग्ग्यानं एकेकीची घागर भरून दिली, थेंब बाहेर नाही. तळाशी राहिलं ते तेलाच्या कॅनमधे भरलं. तेवढ्यात ड्रायव्हर कुरकुर करायला लागला, कपाट डुलतंय, टेकू द्यायला काहीतरी पाहिजे. आत्यानं भरलेले कॅन उचलून दिले. "हे लाव. रिकामा कॅन दबतो, भरलेला दबत न्हाई." त्यानं निमूट लावले, कपाट आणि फळीच्या मधल्या फटीत. मी बघत होते. मम्मी आत गेली होती, तिनं नाही बघितलं.

मग आत्या पदरानं हात पुसत पप्पांना म्हणाली, "भाऊ, निलंग्याची गाडी कधी हाय?"

पप्पा टेम्पोच्या फळीला धरून उभे होते.

मम्मी दारात. "तुम्हाला कुणी सांगितलं, अक्का?"

"वरची पिशवी मीच बांधली ना, सिस्टर." वरची पिशवी म्हणजे नवीन घरात गेल्या गेल्या लागतं ते: स्टोव्ह, काडेपेटी, चहा-साखर. "त्यात तीन ताटं ठिवली तू. गिलास बी तीन. मी म्हणलं इसरली असंल, म्हणून आठ दिस तशीच उघडी ठिवली पिशवी. मग बांधली."

मला आठवतं, शेजारच्या काकूंची घागर भरून वाहत नव्हती तरी त्या घागरीकडंच बघत उभ्या होत्या.

"आता कामून तोंडं पाडून राहिले?" आत्या म्हणाली. "निलंगा काय परका हाय का मला? जा, ऊन व्हतंय." आणि डबा उचलून रस्त्याला लागली. पप्पा मागून धावले, ऑटो केली. मी बघितलं तर ऑटोत ती डबा मांडीवर घेऊन ताठ बसली होती, दोन्ही हात झाकणावर.

पप्पा परत आले तेव्हा डोळे लाल. आम्ही तिघं टेम्पोच्या केबिनमधे बसलो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. ड्रायव्हरच बोलला एकदा, "ती मावशी न्हाई आली? दोरीच्या गाठी कोण सोडणार मग? मी कापीन म्हणलो तर मला शिव्या घातल्या तिनं."

मम्मी खिडकीबाहेर बघत होती.

नांदेडला पोचलो तेव्हा ऊन उतरलेलं. ड्रायव्हरनं खिशातून ब्लेड काढलं, साडीच्या दोरखंडाला लावणार, तर मम्मी म्हणाली, "कापू नका. सोडा."

"ताई, उशीर होईल."

"होऊ द्या."

आणि मम्मी स्वतः नखांनी गाठी सोडायला लागली. तिला जमत नव्हतं. एक नख तुटलं. तरी सोडल्या.

सामान वर चढलं. सगळे धुळीनं माखलेले, घामानं चिकट. मम्मीनं टॉवेल घेतला, बाथरूममधे गेली, दार लावलं. मी बाहेर बसले होते, खरं सांगते, त्या शॉवरच्या आवाजाची मी पण महिनाभर वाट बघितली होती. नळाची चावी फिरल्याचा आवाज आला. मग खोकल्यासारखा आवाज. मग सूं करून हवा. मग काहीच नाही.

पप्पा खाली जाऊन आले. "मोटार जळली म्हणे कालपासून. मिस्त्री उद्या येणार. टँकरला वॉचमननं फोन लावलाय, पण येईल तेव्हा खरं."

मम्मी बाहेर आली, टॉवेल तसाच खांद्यावर कोरडा. बांधलेल्या बारदानावर बसली. रडली नाही. नुसती भिंतीकडं बघत राहिली. पप्पा म्हणाले, बाटल्या आणतो खालून, चहापुरतं तरी. मला एकदम आठवलं. कॅन.

कपाटाच्या मागं ड्रायव्हरनं तसेच एका बाजूला ठेवून दिले होते. मी एकेक ओढत आणून मम्मीपुढं ठेवला. झाकणावर पॉलिथिन, वरून सुतळी. एक थेंब सांडलेला नव्हता.

मम्मीनं विचारलं नाही कुठून आलं. तिला कळलं. पहिल्यांदा चहा झाला. मग एक कॅन घेऊन ती बाथरूममधे गेली. मी दाराबाहेरच होते, दुसरीकडं बसायला जागाच नव्हती. आतून मग्ग्याचा आवाज. एक. मग थांबली. अजून एक. मग लई वेळ काहीच नाही.

"कोण हाय बाहेर?" मम्मीनं आतून विचारलं.

"मी आहे, मम्मी."

"बरं."

बाहेर आली तेव्हा केस ओले होते आणि कॅन अर्धा भरलेला. तो पप्पांच्या हातात दिला. मग केसांचं पाणी तसंच गळत असताना भांड्यांचं बारदान ओढलं, गाठ सोडली, आत हात घालून उलथापालथ करून एक ताट काढलं, आत्याचं, कडेला पोचा आलेलं. पदरानं पुसलं आणि ओट्यावर त्या तीन ताटांवर ठेवलं.

"निलंग्याला फोन लावा," म्हणाली.

पप्पांनी लावला, स्पीकरवर. पुतण्यानं आत्याला दिला. मागून धो धो पाण्याचा आवाज येत होता.

आत्यानं पहिलं विचारलं, "कॅन फुटला का एखादा?"

"न्हाई अक्का," मम्मी म्हणाली. "पोचले सगळे." मग जरा थांबून, "मोटार जळली इथली. त्याच्यावरच चहा झाला, माझी आंघोळ झाली."

"किती उरलं?"

"अर्धा कॅन. आन दोन भरलेले."

"हां." तिकडून समाधानाचा आवाज आला. "झाकून ठेवा."

पप्पांनी घसा साफ केला. मम्मीनं त्यांच्याकडं बघितलं आणि फोन स्वतःच्या हातात घेतला.

"उद्याच्या गाडीनं या. पण एक सांगते अक्का, बाथरूमच्या दाराशी उभं राहायचं न्हाई. आजिबात न्हाई."

"न्हाई राहत."

"साकू म्हणायचं न्हाई."

तिकडं जरा वेळ नुसतं पाणी वाहत होतं. "मनात म्हणलं तर चालंल का?"

मम्मीच्या तोंडातून कसलातरी आवाज आला, हसल्याचा का कशाचा मला कळलं नाही. "डबा भरा सकाळी लवकर," एवढंच म्हणाली. "पहिली गाडी पकडा."

"डबा काय भरायचा त्यात," आत्या म्हणाली. "म्या उघडलाच न्हाई अजून. उगं गाठ सोडा, पुन्हा बांधा. सुतळी झिजती, सिस्टर."